शिडीवर कोण चढणार?

ताई, माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. जुनं कौलारू घर आहे, पुढे दोन खोल्यांचा नवा स्लॅब. मधलं अंगण चुलत्यांच्यात सामाईक. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आता ७१ वर्षांचे आहेत. आईचे गुडघे दुखतात. दादा-वहिनी नोकरीसाठी गोव्यात, मी पुण्यात. मागच्या महिन्यात आमच्याच गल्लीत एका घरचे सगळे लग्नाला गेले असताना मागची कौलं काढून चोरी झाली. तेव्हापासून आई रात्र रात्र जागी असते. बेळगावच्या एका डीलरने चार कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा), १ टीबी हार्ड डिस्क फिटिंगसकट २७,५०० सांगितलेत, शिवाय वर्षाला ३,००० एएमसी, म्हणजे देखभालीचा करार. दादा म्हणतो, ऑनलाइन तीन वायफाय कॅमेरे नि कार्डं दहा हजारांत येतात, गणपतीत आलो की मीच लावतो. आमचे हे म्हणतात, घराच्या बाबतीत कंजुषी नको, डीलरकडूनच करा. बाबा म्हणतात, मी आहे, कुत्रं आहे, काही नको. यावरून दादा आणि हे एकमेकांशी बोलत नाहीत. कुणाचं ऐकू?
— एक लेक, पुणे

दादा आणि जावईबापू कॅमेऱ्यावरून बोलेनासे झाले हे वाचून मला आधी हसू आलं, खोटं कशाला सांगू. चोर यायच्या आधी भांडणच घरात शिरलं म्हणायचं. पण आईची झोप उडाली आहे, ती काही हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. म्हणून उत्तर आधी देते, कारणं मागाहून.

बाहेरचे कॅमेरे वायरचेच घ्या आणि ते माणसाकडून बसवून घ्या. मात्र तो माणूस बेळगावचा डीलर नको. खानापुरातला, जांबोटी रस्त्याला रोज फिरणारा मेकॅनिक बघा. घराच्या आतलं किरकोळ काम, म्हणजे दाराचा सेन्सर, सायरन, एखादा वायफाय कॅमेरा, दादाला करू दे. दादाचा हिशेब बरोबर आहे. अडचण एवढीच की दादा गोव्यात आहे.

माझं आजोळ कणकुंबीच्या बाजूचं, त्यामुळे तिकडचा पाऊस मला सांगायला नको. जुलैत लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. झाड पडतं, हेस्कॉमची, म्हणजे तिकडच्या वीज कंपनीची लाइन जाते, आणि ती कधी येईल ते लाइनमनलाही सांगता येत नाही. इंटरनेटची वायर बहुतेक त्याच खांबांवरून आलेली असते, तीही जाते. आता समज, दादाने गणपतीत लावलेला कॅमेरा पुढच्या आषाढात बंद पडला. पुण्यात तुझ्या मोबाइलवर 'ऑफलाइन' दिसलं. तू लगेच फोन करणार, "बाबा, जरा बघा ना, लाल दिवा लागलाय की निळा?" बाबा सुभेदार. ते कुणाची वाट बघत बसतील होय? ओल्या अंगणात शिडी लावून ७१ व्या वर्षी वर चढतील, आणि आई ती शिडी धरून खाली उभी राहील. चोरापेक्षा मला त्या शिडीची भीती जास्त वाटते.

डीलर की स्वतः, असा वाद लोक घालतात तेव्हा बसवण्याच्या दिवसाचाच विचार करतात. बसवायला एक दिवस लागतो. पुढे पाच-सात वर्षं तो कॅमेरा भिंतीवर असतो, त्यात पाली, कोळी, उंदीर, वळीव, सगळं येऊन जातं. बेळगावात टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये राहणारं तरुण जोडपं असतं तर मी दादाच्या बाजूने उभी राहिले असते. एक दार, वर छप्पर, वायफाय चार पावलांवर, आणि बिघडलं तर संध्याकाळी ऑफिसमधून येऊन स्टुलावर चढायचं. तिथे डीलरला पैसे देणं म्हणजे उधळपट्टीच. तुमच्या घरची गोष्ट वेगळी आहे, कारण जे विकत घेणार ते तिथे राहत नाहीत आणि जे राहतात त्यांनी चढायचं नाहीये.

दुसरं कारण भिंतींचं. जुन्या घराच्या भिंती जांभ्याच्या नाहीतर मातीच्या असणार, हात-दीड हात जाड. राऊटर पुढच्या स्लॅबच्या खोलीत असेल. स्वस्तातले वायफाय कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. त्यातल्या त्यात ती लहर भिंतीतून बरी जाते, पण अशा दोन भिंती ओलांडून परसातल्या कॅमेऱ्यापर्यंत ती पोचेल याची खात्री मी देणार नाही. दादाला म्हणावं, पैसे घालण्याआधी मोबाइल घेऊन मागच्या पडवीत उभा राहा आणि वायफायच्या किती कांड्या दिसतात ते बघ. चोर शिरला मागच्या कौलांतून, म्हणजे तुम्हाला कॅमेरा पाहिजे तो नेमका तिथे.

आता डीलरच्या २७,५०० कडे येते. हा आकडा बिलासकट की बिलाशिवाय, ते विचारलंस का? कॅमेऱ्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. २७,५०० वर तो ४,९५० होतो. "बिल नको असंल तर तेवढे वाचतात की हो," असं फार गोड आवाजात सांगतात. ते वाचलेले पैसे म्हणजे तुमची वॉरंटी असते. खानापूरचा माणूस असला तरी बिल घ्यायचं, आणि त्यावर डीव्हीआरचा नि प्रत्येक कॅमेऱ्याचा सीरियल नंबर लिहून घ्यायचा.

मग विचार, फिटिंगमध्ये केबल किती मीटर धरली आहे. तुमच्यासारखी लांबट घरं म्हणजे पुढच्या ओट्यापासून परसापर्यंत सहज तीस मीटर, आणि वरच्या मीटरचे पैसे शेवटी लावतात. केबल पूर्ण तांब्याची की अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, हेही विचार. विचारलंस की समोरचा जरा सावरून बसतो. हा प्रश्न मी उगीच काढत नाही. बत्तीस वर्षं पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकल शिकवलं, आणि निवृत्तीनंतर शेजारपाजारच्यांच्या ज्या तक्रारी ऐकल्या त्यात पहिला नंबर या तक्रारीचा: 'दिवसा कॅमेरा झकास चालतो, रात्री बंद पडतो.' कारण साधं आहे. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त करंट ओढतो, आणि बारीक, लांब, हलक्या केबलमध्ये १२ व्होल्टमधले दोन-तीन व्होल्ट वाटेतच जातात. चोराच्या वेळेला नेमका डोळा मिटतो. म्हणून पैसे द्यायच्या आधी एक रात्र जाऊ दे. दुपारी चार वाजता मोबाइलवर चित्र दाखवून पैसे मागणाऱ्याला बाबांच्या हातचा चहा पाज आणि उद्या ये म्हण.

१ टीबी पुरते का? एका २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याला २ एमबीपीएसवर (सेकंदाला किती डेटा साठतो त्याचं माप) ठेवलं तर दिवसाला साधारण २१-२२ जीबी जातात. चार कॅमेरे म्हणजे ८६ जीबी, म्हणजे दहा-अकरा दिवसांनी जुनं पुसून त्यावर नवं चढतं. एच.२६५ या चित्रण कमी जागेत बसवणाऱ्या पद्धतीवर १ एमबीपीएस ठेवलं तर तीन आठवडे निघतात. तुम्हाला तेवढे पुरे. दादाच्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचं कार्ड घातलं तर त्याच हिशेबाने पाच-सहा दिवस. शिवाय ते कार्ड कॅमेऱ्यातच असतं. चोराने कॅमेरा उपटून नेला की पुरावाही त्याच्याच पिशवीत. अर्थात चोर डीव्हीआरही नेतात, ते काही दूधखुळे नाहीत. टीव्हीच्या कपाटात तो झगमगता डबा ठेवू नका. कोठीच्या खोलीत, उंचावर, वारा लागेल अशा कुलपाच्या जाळीत ठेवायला सांग. डीव्हीआर आणि राऊटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. पहिल्या पावसात लाइट गेल्यावर कॅमेरे गेले तर एवढा खर्च कशासाठी केला?

एएमसीचे ३,००० बेळगावहून जांबोटीला यायच्या पेट्रोलसाठी आहेत असं समज. त्यात वीज पडून जळलेलं काही बहुधा धरत नाहीत, कागद नीट वाच. आणि आपल्याकडे डीव्हीआर मरतात ते बहुतेक वळवातच. वीज घरावरच पडायला पाहिजे असं नाही, जवळपास कडाडली तरी लांब केबल ती लाट ओढून आणते. अर्थिंग तपासून घ्या. मीठ-कोळशाचा जुना खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि वळीव येतो नेमका तेव्हाच. चार घागरी पाणी ओतायला बाबांना सांग, हे काम त्यांना आवडेल.

निपाणीच्या माझ्या मावसबहिणीने स्वस्त पडतो म्हणून कोल्हापूरचा माणूस आणला होता. माल चांगला होता. पण तक्रार केली की "त्या बाजूला फेरी असली की येतो," आणि ती फेरी दोन महिन्यांनी. राज्याची सीमा राहू दे बाजूला, तुमच्या घरापासून अर्ध्या तासात जो मोटारसायकलवर येईल तो खरा डीलर. गल्लीत आणखी दोन घरं तयार असतील तर तिघांनी मिळून एकाच मेकॅनिकला काम द्या. एका फेरीत त्याची तीन घरं होतात, मग तो भर पावसातही येतो.

पासवर्डचं मी सगळ्यात ठासून सांगणार आहे, कारण त्यात मी स्वतः पोळले आहे. आम्ही बेळगावात शहापुरात राहतो. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या दुकानदाराकडून कॅमेरे बसवले. त्याने माझा मोबाइल घेतला, दोन मिनिटं काहीतरी टकटक केलं आणि "झालं बघा, काय भ्यायचं नाही, मी हाय की," म्हणाला. खातं त्याने स्वतःच्या ईमेलवर काढलं होतं, डीव्हीआरचा मुख्य पासवर्डही त्याच्यापाशीच. मी, इलेक्ट्रिकलची मास्तरीण, विचारलंही नाही! दोन वर्षांनी दुकान बंद झालं, नंबर लागेना. त्यानंतर गल्लीतून एकाची स्कूटर गेली आणि सगळे आमच्या दारात, कॅमेरा तुमचाच आहे म्हणून. चित्र दिसत होतं, पण उतरवून घ्यायला पासवर्ड नाही. आणि कोपऱ्यातली तारीख? १ जानेवारी २०००. आतला सेल संपला होता, लाइट गेली की घड्याळ पहिल्यावर जायचं. पोलीस शहाणे होते, हसले नाहीत.

म्हणून बसवणाऱ्यासमोर खातं तुझ्या किंवा दादाच्या ईमेलवर उघड, मुख्य पासवर्ड स्वतः टाक, आणि त्याला काम करायला लागेल तेवढा वेगळा युझर काढून दे. कंपनीने दिलेला पासवर्ड तसाच ठेवायचा नाही. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे, डीव्हीआर नि राऊटर ताब्यात घेतले होते ते लोकांनी हा आळस केला म्हणूनच. आणि दादाला ऑनलाइन घेताना नाव-गाव नसलेला हजार-बाराशेचा बल्बच्या आकाराचा कॅमेरा घेऊ देऊ नकोस. ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारची सुरक्षा-चाचणी लागू झाली आहे, त्यामुळे बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि कंपनीचं नाव-पत्ता बघूनच घ्यावा. आईबाबांच्या घरातलं चित्र कुठल्या देशातल्या कुणाच्या कॉम्प्युटरवर जातंय, हा प्रश्न चोरीइतकाच मोठा आहे.

पासवर्डला कायद्याची बाजूही आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्यावर यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याची सही लागते, शिवाय तज्ज्ञाचीही. प्रमाणपत्र आधीच्या कायद्यातही लागायचंच. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ते सक्तीचं असल्याचं स्पष्ट केलं. आता ज्याच्याकडे पासवर्डच नाही त्याने कशाच्या जोरावर सही करायची? ठाण्यातला जबाब कन्नडात लिहितात, तो कुणाकडून तरी नीट वाचून घेतल्याशिवाय बाबांनी सही करू नये, हेही जाता जाता सांगते. आणि भिंतीवर ११२ च्या शेजारी ठाण्याचा थेट नंबर मोठ्या अक्षरात लिहून लाव.

सामाईक अंगणाचा उल्लेख तू एका ओळीत करून पुढे गेलीस, मी मात्र तिथे थांबले. कॅमेरा चुलत्यांच्या दाराकडे, त्यांच्या न्हाणीच्या वाटेकडे बघत असेल तर उद्या चोर राहील बाजूला आणि भाऊबंदकी सुरू होईल. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या अशाच वादात कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ साली सांगितलं की, बरोबर राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे लावता येणार नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला नाही. कोर्टापर्यंत कशाला जायचं? काकांना आधी बोलवा, चित्रात काय दिसतं ते दाखवा, हवं तर त्यांच्याही मोबाइलवर द्या. तू पुण्यात आणि दादा गोव्यात असताना रात्री दोन वाजता हाकेला येणार आहेत ते काकाच.

आता थोडं कौलांबद्दल. कॅमेरा चोराला बघतो, अडवत नाही. तुमच्या गल्लीतला चोर कौलांतून उतरला. मग निजायच्या खोलीच्या आणि कपाटाच्या खोलीच्या कौलांखाली लोखंडी जाळी मारून घेणं हे चौथ्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं. डीलर ते सांगणार नाही, त्याच्या दुकानात जाळी नसते. चारच्या ऐवजी तीन कॅमेरे करा: पुढचं दार, परसू, गोठ्याची वाट. वाचलेले पैसे वेल्डरला द्या. मागच्या दाराचा कोयंडा अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर असेल तर पहारीच्या एका हिसक्यात येतो, तिथे आरपार बोल्ट मारा. परसात हालचालीवर लागणारा दिवा लावा. सोनं लॉकरमध्ये ठेवा, हे आईला तूच सांग, माझं नाव घेऊ नकोस.

दादाचं काम मी विसरले नाही. दाराचे चुंबकाचे सेन्सर आणि सायरन हे खरोखर घरच्या घरी बसवण्यासारखे आहेत, दुहेरी टेप नि बॅटरी, दुसरं काही नाही. पावसात जुनं लाकडी दार फुगतं आणि चुंबकाचे दोन तुकडे सरकतात, एवढं लक्षात ठेवून चार-पाच मिलिमीटरच फट ठेवावी. हालचालीचा सेन्सर मांजराच्या वाटेवर लावू नये. मी आजोळच्या घरी हौसेने वायफाय कॅमेरा लावला होता. पहिल्याच आठवड्यात रात्रभर मोबाइल वाजायचा, "हालचाल आढळली." बघते तर एक कोळी, इन्फ्रारेडच्या उजेडात लेन्ससमोर जाळं विणतोय. वैतागून मी सूचना बंद केल्या. त्याच आठवड्यात गवा येऊन परसातली केळ खाऊन गेला, ते मला मामीने फोनवर सांगितलं. तेव्हा सूचना बंद करायच्या नाहीत, लेन्स पुसायची. महिन्यातून एकदा, लांब दांड्याच्या कुंच्याने, जमिनीवर उभं राहून.

आणि गणपतीपर्यंत थांबू नका. मिरग सात-आठ जूनला लागतो, बाहेरचं ड्रिलिंग आणि केबल त्याच्या आधी झाली पाहिजे. एकदा पाऊस लागला की कौलावर तो इतका वाजतो की कुणी कौल सरकवलं तरी ऐकू येत नाही. दादाला एक शनिवार-रविवार चोर्ला घाटाने वर बोलव, तुमच्या ह्यांनाही ने. एकाने मेकॅनिकवर नजर ठेवायची, दुसऱ्याने सायरन लावायचा. शिडीला दोघंही लागतील, मग एकमेकांशी बोलावं लागेलच.

बाबांना मात्र 'तुमच्या सुरक्षेसाठी' असं म्हणू नकोस, चिडतील. तिसरा कॅमेरा कुठे वळवायचा ते त्यांना ठरवू दे. गोठ्याकडेच वळवतील, आणि महिन्याभरात तुला फोन करून सांगतील की रात्री साडेतीनला म्हैस उठून उभी राहते, हे त्यांना इतकी वर्षं माहीतच नव्हतं.